वाचक विचारतात : पोतोसीच्या डोंगरातनं नेमकी किती चांदी निघाली?

गेल्या अंकात चांदीच्या भावावर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की एके काळी जगातली ८० टक्के चांदी बोलिव्हियातल्या पोतोसीच्या एकाच डोंगरातून निघाली. त्या वाक्यावर इतके मेल आणि मेसेज आलेत की भावाचं कोणी विचारतच नाहीये. त्यामुळे यावेळचं सगळं सदर त्या डोंगरालाच देऊन टाकतो.

नागपूरचे एक निवृत्त मायनिंग इंजिनिअर विचारतात : ८० टक्के हा आकडा कुठला? कुठल्या काळाचा? आणि एकूण टनेज किती ते का नाही लिहिलंत?

काका, पकडलंत. चूक माझीच, आकडा नेटवर सगळीकडे फिरतो तसा मीही उचलला आणि काळ लिहिलाच नाही, म्हणजे आकड्याला काही अर्थच राहिला नाही. दुरुस्त करून सांगतो. १५४५ साली या डोंगरात चांदी सापडली, दिएगो वाल्पा नावाच्या स्थानिक माणसाला ती दिसली असं सांगतात. डोंगराचं नाव सेर्रो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर, उंची साधारण ४८०० मीटर, आणि खालचं पोतोसी शहरच ४००० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीच पट उंचीवर लोक नुसते राहत नव्हते तर दगड फोडत होते. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या अर्ध्यात जगात जी चांदी निघाली तिच्यातली अंदाजे ६० टक्के इथली, असं भूवैज्ञानिक सांगतात. पण १५४५ ते १८१० असा पूर्ण स्पॅनिश काळ धरला तर हाच वाटा घसरून साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो, कारण नंतर मेक्सिको पुढे गेला.

एकूण टनेज म्हणाल तर कमीत कमी ३० हजार टन, आणि कदाचित ६० हजार टनांपर्यंत. इतका मोठा फरक का? तर जुने आकडे खाणीचे नाहीतच, ते टॅक्सचे आहेत. स्पेनच्या राजाला चांदीचा पाचवा हिस्सा द्यायचा, तो दिला की विटेवर शिक्का, आणि वहीत नोंद. ज्याने टॅक्स चुकवला त्याची चांदी वहीत नाही. आणि चुकवणारे भरपूर होते, चांदी मागच्या दाराने ब्युनोस आयर्सकडे उतरायची. तिथल्या त्या रुंद खाडीचं नाव रिओ द ला प्लाता, म्हणजे चांदीची नदी, आणि त्या देशाचं नाव अर्जेंटिना, तेही चांदीवरनंच. त्यामुळे खाली जे काही आकडे देतोय ते "नोंद झालेली चांदी" असंच समजून वाचा.

सोलापूरचे एक सराफ : वर्षावर्षाचं उत्पादन कसं वरखाली झालं ते सांगा. माझा अंदाज असा की सुरुवातीला भरपूर निघालं असणार आणि मग हळूहळू संपलं, बरोबर ना?

नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. या खाणीचा ग्राफ काढला तर एक टेकडी दिसत नाही, दोन-तीन चढउतार दिसतात, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक चढउताराचं कारण डोंगराच्या बाहेर आहे, म्हणजे पारा, पाणी, माणसं आणि टॅक्स.

पहिली पंचवीसेक वर्षं वरच्या थरातलं माल होतं, अगदी चोख, ते फोडायचं आणि वितळवायचं. वितळवणारे स्थानिक इंडियन, म्हणजे आपण नव्हे, तिथले मूळ रहिवासी कारागीर, त्यांच्याकडे 'वायरा' नावाची मातीची छोटी भट्टी असायची, तिला चहूबाजूने भोकं, भाता वगैरे काही नाही, डोंगरउतारावर वाऱ्याच्या तोंडी ठेवायची आणि वाराच भात्याचं काम करायचा. जळण म्हणजे डोंगरावरचं गवत आणि लामाचं शेण. रात्री उतारावर अशा हजारो भट्ट्या पेटलेल्या दिसायच्या असं त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय. पण वरचं चांगलं माल संपत आलं, खालचं हलकं माल वायऱ्यात टाकून परवडेना, आणि १५७० च्या आसपास उत्पादन इतकं पडलं की लोक शहर सोडून जायच्या गोष्टी करायला लागले.

तेवढ्यात फ्रान्सिस्को द तोलेदो हा पेरूचा व्हाइसरॉय तिथे आला. माणूस म्हणून फार प्रेमात पडावं असा नव्हता पण व्यवस्थापक जबरदस्त, दोन-तीन वर्षांत त्याने सगळं बदललं. पाऱ्याने चांदी काढायची पद्धत मेक्सिकोत १५५० च्या दशकात बार्तोलोमे द मेदिनाने बसवली होती ती इथे आणली, पारा पेरूतल्याच वांकावेलिकाच्या खाणीचा, तो समुद्रमार्गे आरिका बंदराला आणायचा आणि तिथून जनावरांवर लादून वर. दगडाचं पीठ करायला पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या, आणि पाऊस वर्षातले थोडेच महिने म्हणून डोंगरात तलाव बांधून त्यांचं पाणी पाटाने शहरात आणलं. आणि हे सगळं चालवायला माणसं हवीत, तर १५७३ पासून 'मिता', म्हणजे वेठबिगार. शहरात टांकसाळही त्याच सुमारास सुरू झाली.

परिणाम असा की वीसेक वर्षांत उत्पादन पाच-सहा पट झालं. १५९२ हे शिखराचं वर्ष, नोंद झालेली चांदी साधारण २०० टन. डोंगर तोच बरं का, उलट माल पहिल्यापेक्षा हलकं, तरी आकडा कैक पट. तुमच्या भाषेत सांगायचं तर कस उतरला आणि वजन वाढलं.

मग १६१० नंतर घसरण. खाणी खोल गेल्या, पाणी भरायला लागलं, माल अजून हलकं झालं. त्यात दुष्काळात तेरावा महिना, मार्च १६२६ मध्ये कारी-कारी डोंगरातला एक मोठा तलाव फुटला आणि पाण्याने वाटेतली वस्ती आणि कितीतरी गिरण्या धुऊन नेल्या. पण मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते वेगळंच कारण. मितावर माणूस पाठवायचा नसेल तर गावचा मुखिया त्याच्याऐवजी रोख चांदी देऊ शकायचा, म्हणजे त्या पैशात खाणमालकाने दुसरा मजूर लावावा अशी कल्पना. कित्येक मालक काय करायचे, तर ती चांदी सरळ खिशात टाकायचे आणि खाण बंद ठेवायचे! अशा कागदावरच्या मजुरांना तिथे नावच पडलं होतं, 'खिशातले इंडियन'. खाण चालवण्यापेक्षा न चालवण्यात जास्त कमाई, मग ग्राफ खाली जाणार नाही तर काय होणार.

१७२० च्या आसपास तळ गाठला. १७३६ मध्ये राजाने टॅक्स पाचव्या हिश्श्यावरून दहाव्यावर आणला आणि आकडे परत चढायला लागले. यातला काही भाग खरी वाढ आणि काही भाग, माझ्या मते, आधी चोरून जाणारी चांदी आता वहीत यायला लागली एवढंच. अठराव्या शतकाच्या शेवटी दुसरं शिखर आलं पण ते १५९२ च्या जेमतेम निम्म्यापर्यंत. पुढे स्वातंत्र्ययुद्ध, खाणी पाण्यात, आणि मग चांदीपेक्षा कथील.

हुपरीचे एक चांदी कारागीर : आम्ही आयुष्यभर मूस आणि भट्टीवर काम केलंय. दगडातली चांदी पाऱ्याने काढतात म्हणजे नेमकं काय करतात? वितळवत नाहीत?

हुपरीहून प्रश्न आला याचा मला भारी आनंद झाला. हो, वितळवायचं सगळ्यात शेवटी, आधीचं काम जवळपास थंडच. दगड कुटून अगदी पीठ करायचं, त्यात पाणी घालून चिखल, त्यात मीठ, पारा आणि तांब्याचं क्षार, म्हणजे आपल्या मोरचुदाच्या जातीचं. मग तो चिखल तुडवायचा. मेक्सिकोत मोठ्या फरसबंदी अंगणात खेचरं तुडवायची, पोतोसीत थंडी इतकी की सुरुवातीला दगडी हौदात घालून खालून ऊब द्यायचे. आठवडेच्या आठवडे हे चालायचं. मीठ आणि तांब्यामुळे चांदी दगडातनं सुटते आणि पारा तिला धरून बसतो. मग टाकीत धुवायचं, हलकी माती वाहून जाते, पारा-चांदीचा लोण्यासारखा गोळा तळाला.

आता बघा, तो गोळा जाड कापडात घालून पिळायचा, श्रीखंडाचा चक्का बांधतो तसाच. जास्तीचा पारा कापडातनं बाहेर, आत घट्ट गोळा. तो शंकूच्या आकाराच्या साच्यात दाबायचा आणि तापवायचा, पारा वाफ होऊन उडतो, ती वाफ थंड करून जमेल तेवढा पारा परत गोळा करायचा, आणि मागे उरते स्पंजासारखी जाळीदार पांढरी चांदी, तिला 'पिन्या' म्हणत. मग ती गाळून विटा. पाऱ्याचा मुलामा करणारे जुने लोक तुमच्या ओळखीत असतील तर ती वाफ काय करते ते त्यांना विचारा, हात कापायला लागतात, हिरड्या सुजतात. इथे तर ते कारखान्याच्या हिशेबात चालायचं. आणि पारा विकायची मक्तेदारी राजाकडे होती, त्यामुळे कोणी किती पारा नेला यावरून त्याने किती चांदी काढली असणार याचा अंदाज अधिकारी बांधायचे. चोरावर मोर!

पुण्याची एक कॉलेजची विद्यार्थिनी : या खाणीत ८० लाख लोक मेले असं एका रीलमध्ये बघितलं. खरं आहे?

८० लाखांना आधार देणारी कुठलीही वही नाही आणि या विषयावर कागदपत्रं उपसलेले इतिहासकार तो आकडा मान्य करत नाहीत. मिताचे आकडे मात्र आहेत. १६ प्रांतांतून दरवर्षी साधारण साडेतेरा हजार पुरुष, म्हणजे गावातल्या दर सात जणांत एक. एका वेळी त्यातले तिसरा हिस्सा कामावर, कागदावर नियम असा की एक आठवडा काम आणि दोन आठवडे सुट्टी, पण मिळणारी मजुरी इतकी कमी की पोटासाठी सुट्टीतही तिथेच रोजंदारी करायची. टिटिकाका सरोवराकडचे लोक बायकामुलं आणि लामांचे कळप घेऊन दोन-दोन महिने चालत यायचे. कितीतरी जण परत गेलेच नाहीत, काही मेले, काही पळून दुसऱ्या प्रांतात गेले, कारण तिथे मिता लागू नव्हती. गावंच्या गावं ओस पडली त्यात मरणारे किती आणि पळणारे किती हे वेगळं काढणं अवघड आहे.

आत काय चालायचं त्याचं एक वर्णन होसे द आकोस्ता या जेझुइट पाद्रीने करून ठेवलंय, तो त्याच काळात तिथे जाऊन आला होता. कातड्याच्या दोरांच्या शिड्या, आडव्या लाकडी पायऱ्या, एका बाजूने उतरायचं आणि दुसऱ्या बाजूने चढायचं, दगड घोंगडीत बांधून पाठीवर, पंचवीस-एक किलो, आणि तिघांच्या रांगेत पुढच्याच्या अंगठ्याला मेणबत्ती बांधलेली. अंगठ्याला, कारण दोन्ही हात शिडीला लागतात. वर आला की घामाने ओला, आणि बाहेर ४८०० मीटरवरचा बर्फाळ वारा. मला तरी ८० लाखांपेक्षा ती अंगठ्याची मेणबत्ती जास्त लागते. ही पद्धत कायद्याने बंद व्हायला १८१२ साल उजाडलं.

नाशिकचे एक बाबा, नववीतल्या मुलाच्या वतीने : पोतोसीच्या चांदीने तिथपासून माद्रिदपर्यंत पूल बांधता आला असता म्हणतात. मुलगा म्हणतो हिशेब करून दाखवा.

मुलगा हुशार आहे. चांदीचा एक घनमीटर म्हणजे साधारण साडेदहा टन. ३० हजार टन म्हणजे २८५० च्या आसपास घनमीटर, हा सगळा ठोकळा केला तर १४ मीटर बाय १४ बाय १४, आपली चार-पाच मजली बिल्डिंग. आता पोतोसी ते माद्रिद अंतर नऊ हजार किलोमीटरच्या वर. तेवढ्या लांबीत ही चांदी ताणली तर मिळते दोन सेंटिमीटर जाडीची सळई. म्हणजे अंगठ्याएवढी. पूल नाही, फार तर कपडे वाळत घालायची दांडी! ६० हजार टन धरले तरी सळई तीन सेंटिमीटरच्या आतच. आणि १५९२ ची ती शिखराच्या वर्षाची २०० टन चांदी नऊ बाय नऊ फुटांच्या खोलीत सहज मावते. मुलाला सांगा पडताळून बघ, चुकलं असेल तर कळव.

जळगावचे एक वाचक : मग आजच्या खाणींच्या तुलनेत पोतोसी कुठे? आपल्याकडे आहे का एवढी खाण?

आज जगात वर्षाला साधारण २५ हजार टन चांदी खाणीतनं निघते, सगळ्यात जास्त मेक्सिकोत. आणि आपल्याकडे राजस्थानात, राजसमंद जिल्ह्यातली सिंदेसर खुर्द, भीलवाड्याकडची रामपुरा आगुचा वगैरे मिळून हिंदुस्तान झिंकने २०२३-२४ मध्ये ७४६ टन चांदी काढली. म्हणजे पोतोसीच्या सगळ्यात भारी वर्षाच्या साडेतीन पटीहून जास्त, आणि तीही जस्त-शिशाबरोबरचा जोडमाल म्हणून! आजची बरीचशी चांदी अशीच शिसं, जस्त, तांबं यांच्या पाठीवर बसून बाहेर येते. फक्त त्या काळी जगात एकूण चांदीच इतकी कमी होती की २०० टनांनी बाजार हलायचा. स्पेनच्या राजाच्या हातात एवढी चांदी येऊनही तो १५५७, १५७५ आणि १५९६ मध्ये कर्जफेड थांबवून मोकळा झाला, कारण चांदी पोचायच्या आधीच लढायांवर खर्च झालेली असायची. हे वाचून मला आमच्या सोसायटीच्या सिंकिंग फंडाची आठवण झाली, पण ते जाऊ दे.

डोंबिवलीच्या एक वाचक : खाण अजून चालू आहे की आता नुसतं टुरिस्ट स्पॉट?

दोन्ही. विसाव्या शतकात कथील होतं, १९५२ मध्ये मोठ्या खाणी सरकारने ताब्यात घेतल्या, १९८५ मध्ये कथलाचा भाव कोसळला आणि सरकारी खाणकामगार बेकार झाले. तेव्हापासून मुख्यतः खाणकामगारांच्या सहकारी संस्था पोखरतायत, जस्त, कथील, चांदी मिळेल ते. जवळपास पाचशे वर्षं डोंगर आतून पोखरल्यावर २०११ मध्ये शेंड्याचा भाग खचायला लागला, म्हणून १९८७ पासून जागतिक वारसा असलेलं हे शहर युनेस्कोने २०१४ मध्ये धोक्याच्या यादीत टाकलं. आत शिंगं असलेली एक मातीची मूर्ती असते, 'एल तिओ', म्हणजे काका. बाहेर देव आहे पण डोंगराच्या आत मालकी या काकांची, म्हणून कामाला लागायच्या आधी त्यांच्या तोंडात सिगरेट, पायाशी कोकाची पानं आणि थोडी दारू. आपल्याकडे वेशीवरच्या म्हसोबाला जो मान तसाच.

मडगावच्या एक वाचक : आजीच्या पेटीत एक वेडंवाकडं चांदीचं नाणं सापडलं. एका बाजूला क्रूस, दुसरीकडे दोन खांब आणि लाटा असं काहीतरी, आणि 'पी' अक्षर. फोटो पाठवते. हे पोतोसीचं का? गोव्यात कसं आलं?

असू शकतं. त्या काळी चांदीच्या पट्टीचे तुकडे पाडायचे, वजनाला बसेपर्यंत कातरायचे आणि वर हातोड्याने ठसा, म्हणून कुठलंच नाणं गोल नाही. 'पी' हे पोतोसीच्या टांकसाळीचं अक्षर. आणि खांब-लाटा असतील तर ते १६५२ नंतरचं, त्यामागे एक भानगड आहे. १६४० च्या दशकात या टांकसाळीत चांदीत सर्रास तांबं मिसळलं जात होतं, युरोपातले व्यापारी पोतोसीचं नाणं घ्यायला तयार होईनात, राजाने तपासाला नेस्तारेस मारिन नावाचा अधिकारी पाठवला आणि त्याने रोचा नावाच्या तिथल्या बड्या श्रीमंत चांदीच्या व्यापाऱ्याला १६५० मध्ये सरळ देहदंड दिला. मग लोकांना ओळखता यावं म्हणून डिझाइनच बदललं, तेच हे खांब आणि लाटा.

गोव्यात येण्यात नवल काही नाही. लिस्बनहून येणारी पोर्तुगीज जहाजं मिरी घ्यायला याच स्पॅनिश चांदीच्या पेट्या घेऊन यायची, कारण आपल्याला त्यांचा दुसरा माल फारसा नकोच होता. सुरतेला उतरलेली अशी नाणी टांकसाळीत वितळवून त्याचे मुघली रुपये पाडले जायचे, आठ रियालच्या एका मोठ्या नाण्यात २७ ग्रॅम वजन, म्हणजे चांदीच्या हिशेबाने साधारण सव्वादोन रुपये. तुमचं नाणं वितळलं नाही हेच विशेष.

पण फोटोवरून मी खात्री देणार नाही, या नाण्यांच्या नकला ढिगाने आहेत. किचनमधला छोटा काटा असेल तर आधी वजन करा, आणि नाण्यांच्या चांगल्या जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा, दोघांना दाखवलंत तर अजून बरं. आणि एक, तुम्ही मेसेजमध्ये शेवटी लिहिलंय की काळं पडलंय म्हणून चिंचेने घासून मग परत फोटो पाठवते. नको. राख नको, टूथपेस्ट नको, आहे तसं काळं राहू दे आणि कागदात गुंडाळून ठेवा.